एक थेंबही न प्यायलेलं इंजिन

१

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, हॉस्पिटलच्या चढावर, लाँड्रीची एक नंबरची पिकअप मेली. बंद पडली नव्हे, मेली. आधी तेलाचा लाल दिवा लुकलुकला, मग इंजिनाच्या पोटातून कोणी हातोडी मारावी तसे ठोके आले, आणि शेवटी एक कर्कश किंकाळी फोडून सगळं गप्प झालं. मागे धुतलेल्या चादरींचे एकशे चाळीस गठ्ठे होते. त्या चादरींवाचून वर तीन ऑपरेशनं खोळंबली.

मला हे बुधवारी संध्याकाळी फोनवर कळलं, तेही हुंदक्यांमधून. फोन माझ्या भाचीचा. त्या लाँड्रीच्या वर्कशॉपची ती मुख्य मेकॅनिक. हाताखाली दोन शिकाऊ पोरं, ताब्यात तीन पिकअप. घरात मात्र आम्ही तिला अजून ठमीच म्हणतो.

"मावशी, सगळं खापर माझ्यावर फोडलंय. मी पाण्यासारखं पातळ तेल घातलं, म्हणून इंजिन गेलं म्हणे. शुक्रवारी चार वाजता मालकीणबाई निकाल देणार. मला काढलं ना, तर दुसरं कुठलंच वर्कशॉप मला दारात उभं करणार नाही. इंजिन मारणारी बाई, एवढंच नाव राहील माझं."

"रडून झालं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग उरकून घे. आणि एक सांग, तेल कोणतं घातलं होतंस?"

"पाच डब्ल्यू तीस. गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच. साडेसहा लिटर, मोजून."

"मग ते तुझ्या तेलानं मेलेलं नाही. उद्या आठला येते मी."

तेवीस वर्षं मी एका प्रयोगशाळेत इंजिनांची तेलं तपासली. डॉक्टर रक्त बघून माणसाचं दुखणं सांगतात, तसं मी तेल बघून इंजिनाचं सांगत असे. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असेना का! त्या नाकानं मला कधी दगा दिलेला नाही. पण फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर पाहिलं. बोलून बसले होते खरी, आता ते सिद्ध करायला हातात जेमतेम दोन दिवस होते.

२

लाँड्रीत शिरलं की आधी वाफ अंगावर येते, मग ब्लीचचा वास, आणि मग बाईंचा आवाज. बाई म्हणजे धुलाई विभागाच्या प्रमुख. मी गेले तेव्हा एक पांढरीशुभ्र चादर दोन्ही हातांनी उंच धरून त्या ओरडत होत्या, "परत काळा डाग! चादर मशीनमधून निघते तेव्हा दुधासारखी असते आणि ट्रॉलीतून उतरते तेव्हा ही अशी! तीन महिने झाले, कोणाला पडलीय का त्याची?"

कोणालाच पडली नव्हती. मलाही नाही. मी सरळ मागच्या वर्कशॉपकडे गेले आणि तिथंच माझी चूक झाली, पण ते पुढे येईलच.

ठमी दाराबाहेर उभी होती. आत जायला तिला बंदी. डोळे सुजलेले, पण हनुवटी वर. आमच्या घराण्याची हनुवटी आहे ती.

भांडणाचं मूळ आठ महिन्यांपूर्वीचं. त्याआधी इथल्या सगळ्या गाड्यांना वीस डब्ल्यू पन्नास घालत. डब्यावरच्या या आकड्यांना उगाच लोक घाबरतात. पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं गार इंजिनात तेल चटकन पळतं. दुसरा तापल्यावरचा. तो जितका मोठा, तितकं तापलेल्या इंजिनात तेल दाट राहतं. लाँड्रीच्या गाड्या पहाटे पाचला निघतात, तेव्हा काचेवर बर्फ धरलेलं असतं. अशा वेळी जाड तेल वरपर्यंत चढेचढेतो इंजिन कोरडंच घासत राहतं. ठमीनं मुख्य मेकॅनिक झाल्याझाल्या पुस्तक उघडलं, पाच डब्ल्यू तीस मागवलं आणि जुनी पिंपं परत पाठवली.

ती पिंपं ज्यांनी वर्षानुवर्षं मागवली होती, ते स्टोअरकीपर काका खुर्चीत बसूनच माझ्याशी बोलले.

"तेल कसं हवं? मधासारखं. बोटाला चिकटलं पाहिजे. मी दोन बोटांत चोळून सांगतो तेल कसलं आहे ते. तुमची भाची पुस्तकं वाचते. वाचू दे बापडी. इंजिन काही पुस्तक वाचत नाही."

"काका, तिनं तुमचं तेल बदललं, याचा तुम्हाला राग आला होता ना?"

"आला होता. अजून आहे. लपवू कशाला?"

हा माणूस मला आवडायला लागला होता. पण आवडली म्हणून माणसं निर्दोष ठरत नाहीत. तेलाच्या कुलपाची किल्ली याच्याच कमरेला होती.

"मेलेल्या इंजिनातलं तेल तुम्ही पाहिलंत?"

काकांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मॅनेजरांनी डब्यात काढून कपाटात ठेवायच्या आधी बुडवली होती ही. तुमच्या भाचीचं तेल मला पसंत नाही. पण खरं सांगतो, ते तिचंही तेल नव्हतं. त्याहून कितीतरी पातळ होतं."

"मग हे कोणाला बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी?"

३

मॅनेजर गोड बोलणारा होता. गोड बोलणाऱ्यांशी बोलताना माझा रक्तदाब वाढतो.

"मावशी, तुम्ही वडीलधाऱ्या. पण तो डबा म्हणजे पुरावा आहे हो. नातेवाइकांच्या हातात कसा देऊ?"

"कपाटात ठेवलेला पुरावा काय कामाचा? लोणचं घालताय का त्याचं?"

"मालकीणबाईंनी सांगितलं तर देतो."

मी तिथूनच तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेले. कमी बोलणारी बाई. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डबा उघडा. पण माझ्यासमोर."

असा तो डबा गुरुवारी दुपारी, इस्त्रीच्या लांब टेबलावर, चारचौघांत उघडला. झाकण उघडताच मी नाक पुढे केलं आणि काही न बोलता मागे घेतलं. नाकाचं म्हणणं पुरावा म्हणून कोणी धरत नाही.

पिशवीतून मी माझी पितळी वाटी काढली. निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेनं मला शाल दिली आणि मी ही वाटी मागून घेतली. तळाला बारीक भोक आहे. काठोकाठ तेल भरायचं, भोकाखालचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. तेल जितकं दाट, तितके सेकंद जास्त.

स्टोअरमधलं नवं पाच डब्ल्यू तीस भरलं. त्रेचाळीस सेकंद.

दोन नंबरच्या पिकअपमधलं वापरलेलं तेल. तेच पिंप, भरल्याची तारीखही तीच. एकोणचाळीस.

तीन नंबर. चाळीस.

मग मेलेल्या इंजिनाचं. ठमी मोठ्यानं मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस, आणि धार तुटली.

"बघा," मॅनेजर म्हणाला, "पातळच आहे की!"

"आहेच पातळ. पण याच पिंपातलं तेल दुसऱ्या दोन गाड्यांत चाळिसाच्या घरात आहे. पिंपात खोट असती तर तिन्ही इंजिनं एका माळेत गेली असती." मी स्टोअरकीपर काकांकडे पाहिलं. "तुम्ही सुटलात."

"मी अडकलो कधी होतो?" काका फणकारले.

गाळणकागदावर मी त्या तेलाचा एक थेंब टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्या बाहेर हळूहळू एक फिकट, ओलसर कडं पसरत गेलं. ठमी टेबलावर वाकली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मेकॅनिक दिसली.

"डिझेल," ती म्हणाली. "तेलात डिझेल आहे, मावशी."

चार वाट्या नवं तेल आणि एक वाटी डिझेल ढवळून मी पुन्हा मोजलं. वीस सेकंद. म्हणजे पाचातला एक भाग डिझेल! असल्या तेलावर कुठलं बेअरिंग टिकणार? आणि ठमीनं मधासारखं तेल घातलं असतं, तरी ते इंजिन चार दिवस उशिरा मेलं असतं, एवढंच.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मालकीणबाईंनी विचारलं, "हे डिझेल तेलात घातलं कोणी?"

आणि मॅनेजर गोड हसून म्हणाला, "गाडीच्या इंजिनाला हात लावायची परवानगी एकाच व्यक्तीला आहे."

सगळ्यांच्या माना ठमीकडे वळल्या.

४

शुक्रवारी सकाळी ठमीला मी समोर बसवलं. "डिझेल कोणी ओतायला लागत नाही. ते आपल्या पायानं आत येऊ शकतं. कसं, ते तू सांग. मेकॅनिक तू आहेस."

तिनं डोळे मिटले. "धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की इंजिन स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडतं आणि त्या धगीनं काजळी जाळतं. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं सलग पळायला हवी. मधेच बंद केली, तर काजळी तशीच राहते आणि जास्तीचं डिझेल खाली तेलात उतरतं. पुन्हा चालू केली की पुन्हा तेच."

"आणि एक नंबर पळते किती?"

"आधी लांबच्या हॉस्पिटलला जायची, तासाभराची वाट. तीन महिन्यांपूर्वी मॅनेजरनी तिला जवळच्या हॉस्पिटलला लावली. आठ मिनिटांची फेरी, दिवसातून नऊ वेळा." ती उठूनच उभी राहिली. "मावशी, हेच असणार! पण मग तेल वाढायला हवं होतं. डिझेल आत येत राहिलं, तर डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर जायला हवी. आणि ती गेलेली नाही. मी रजिस्टर ठेवते."

रजिस्टर आणलं. रोज सकाळी ड्रायव्हरनं डिपस्टिक बघून पातळी लिहायची आणि शनिवारी ठमीनं स्वतः फिरून तपासायची, कमी असेल तिथं तेल घालायचं, अशी तिची पद्धत. एक नंबरची नव्वद दिवसांची पानं मी उलटली. 'वरच्या खुणेवर.' 'वरच्या खुणेवर.' 'वरच्या खुणेवर.' नव्वद वेळा. आणि त्याखाली ठमीच्या हाताची लाल रेघ.

"ही रेघ कसली?"

ठमी लाजली. "मालकीणबाईंना दाखवलं होतं मी. की बघा, पातळ तेल घातल्यापासून इंजिन एक थेंबही तेल पीत नाही. सगळे नावं ठेवत होते ना."

"ठमे!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर ट्रॉली ढकलणारा माणूस थांबला. "तीन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन! दोन नंबरला महिन्याला अर्धा लिटर घालतेस, तीन नंबरला त्याहून जास्त. आणि हे एकटं उपास करतंय? तुला शंका आली नाही?"

ती खाली बसली. "मला आनंद झाला होता, मावशी."

माझा राग तिथंच विरला. तिच्या जागी मी असते, तर मीही लाल रेघ मारली असती. आठ महिने चारी बाजूंनी टोमणे खाल्ल्यावर एक चांगली बातमी मिळाली, ती कोण उलटून बघतं?

आता कोडं उलटं झालं होतं. डिझेल आत येत होतं, हे नक्की. तरी पातळी वाढत नव्हती. म्हणजे जेवढं येत होतं, तेवढं कोणीतरी बाहेर काढत होतं. गुपचूप, नेमानं, खुणेपर्यंत. चांगलं तेल थोडंथोडं जात होतं आणि त्याच्या जागी डिझेल भरत होतं.

काढलेलं तेल गेलं कुठे? टाकायला गेलं तर डाग पडतो, साठवायला गेलं तर डबा दिसतो. काळं तेल लपवणं सोपं नसतं. आणि मग मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. काळे डाग! तीन महिने!

मी धावत धुलाई विभागात गेले. माझ्या वयाला ते शोभत नाही, पण गेले. बाईंना म्हटलं, "तुमच्या ट्रॉल्यांची चाकं पूर्वी करकरायची का हो?"

"करकरायची? कानठळ्या बसायच्या! हल्ली कोणीतरी तेल घालतं, म्हणून आवाज गेला आणि डाग आले."

मी ट्रॉली आडवी केली, चाकाच्या आसावरून बोट फिरवलं आणि हुंगलं. काळं, पातळ, आणि त्याला डिझेलचा वास.

"या ट्रॉल्या गाडीतून उतरवतं कोण?"

"सावकाश," बाई म्हणाल्या.

५

सावकाश हे एक नंबरच्या ड्रायव्हरचं टोपणनाव. घाई कशी ती माहीत नसलेला, साठीला टेकलेला, नेहमी इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. ठमी या कामावर नवी आली, तेव्हा बाकीचे तोंड फिरवायचे, याच्या डब्यातलं अर्धं जेवण तिला मिळायचं. ती त्याला दादा म्हणते, आणि घराबाहेर तिला ठमी म्हणणारा तो एकटाच. त्याच्यावर संशय घ्यायचा तर माझी जीभ रेटेना. पण तीन वाजले होते आणि चारला निकाल होता.

मेलेल्या गाडीशेजारी पायरीवर तो बसला होता. मी शेजारी बसले.

"हॉस्पिटलच्या दारात गाडी चालू ठेवता का हो?"

"नाही. वर वॉर्डाच्या खिडक्या आहेत, धूर जातो. पहारेकरी लगेच बंद करायला लावतो."

"तेव्हा समोर फिल्टर भरल्याचा पिवळा दिवा असायचा?"

"असायचा कधीकधी. मॅनेजरना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, लाल नाही ना? मग चालवा."

हे मला नवीन होतं! गोड माणसानं गुरुवारी भरल्या टेबलाशी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तो धागा मी मनात ठेवला.

"आणि तेल कशानं काढायचात?"

त्यानं शेजारच्या गाडीचं दार उघडलं. मग सीटखाली हात घालून त्यानं फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. हॉस्पिटलात नळीवाटे अन्न भरवतात, तसली जाड प्लास्टिकची पिचकारी, तोंडाला हातभर लांब बारीक नळी. डिपस्टिकच्या भोकातून नळी घातली की कपभर तेल सहज ओढून घेता येतं.

"का केलंत असं, दादा?"

पिचकारी पुन्हा फडक्यात गुंडाळून तो पायरीवर बसला. मी तीनदा विचारलं. मग घड्याळात पावणेचार झाले आणि तो स्वतःच उठला.

"चला. तिच्यासमोरच सांगतो," तो म्हणाला.

६

मालकीणबाईंच्या खोलीत आम्ही सातजण दाटीवाटीनं बसलो. मी सगळं ओळीनं मांडलं. सेकंद, गाळणकागद, आठ मिनिटांच्या फेऱ्या, पिवळा दिवा, उपाशी इंजिन, ट्रॉलीची चाकं. पिवळ्या दिव्याशी आल्यावर मॅनेजरचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "म्हटलं असेन. मला काय माहीत त्याचा अर्थ," तो पुटपुटला.

"मेकॅनिकला माहीत होता," मालकीणबाई म्हणाल्या. "तिला का नाही विचारलंत?"

मग सावकाशनं पिचकारी टेबलावर ठेवली.

"पोरीनं तीन महिन्यांपूर्वी तेल बदललं. दहा-बारा दिवसांनी बघतो तर तेल खुणेच्या वर. मला वाटलं, शनिवारी फिरताना हिच्या हातून जास्त पडलं. सगळे हिच्या एका चुकीची वाट बघत बसलेले. स्टोअरमध्ये कळलं असतं, तर हिचं जगणं मुश्किल केलं असतं. म्हणून मी काढून ट्रॉलीच्या चाकांना घातलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा वर. पुन्हा काढलं. रजिस्टरात नीट लिहीत गेलो. तिच्यावर बालंट येऊ नये, एवढंच होतं मनात."

स्टोअरकीपर काका स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

मला वाटलं, ठमी आता रडेल, नाहीतर त्याच्या पाया पडेल. ती उठली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका शांत होता.

"दादा, मी शनिवारी तुमच्या गाडीत थेंबभरही तेल घातलं नाही. पातळी बरोबर असायची, मी कशाला घालू? साडेसहा लिटर मी मापानं मोजते. दोनदा मोजते. काका म्हणायचे, हिला कळत नाही. मॅनेजर म्हणायचे, हिला जमत नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण निदान एकाला माझ्या हातांची खात्री आहे असं मी समजत होते."

सावकाशचे ओठ हलले. "मी तुला सांभाळत होतो गं."

"सांभाळायला हवं असं तुम्हाला वाटलं, म्हणजेच मी चुकले असं तुम्ही धरून चाललात. तीन महिने! एकदा विचारलं असतंत, ठमे, तेल वर का चढतंय, तर मला पाच मिनिटांत कळलं असतं. इंजिनही वाचलं असतं."

त्या माणसानं मान खाली घातली आणि इस्त्रीच्या बाहीनं डोळे पुसले. मला भरून आलं. मी रागीट असले तरी दगड नाही.

मालकीणबाई ठमीला म्हणाल्या, "तेलाची निवड तुझी बरोबर होती. तू कामावर आहेस. इंजिन होईपर्यंत भाड्याच्या गाडीतून चादरी पोचवायची जबाबदारी मॅनेजरांची, पहाटे पाचपासून. राहिले हे." त्यांनी सावकाशकडे पाहिलं. "यांनी नव्वद दिवस खोटं लिहिलं. यांना ठेवून घेणं अवघड आहे."

"मग मलाही ठेवू नका," ठमी म्हणाली. "माझ्या रजिस्टरात पातळी कमी झाली तर काय करायचं तेवढंच लिहिलंय. वाढली तर कोणाला सांगायचं, याला रकानाच नाही. आणि पातळी हलत नाही म्हणून मी लाल रेघ मारून मिरवलं. यांच्याइतकीच चूक माझी आहे." ती पुढे म्हणाली, "इंजिन खाली उतरवायला जाणकार जोडीदार लागतो. त्या गाडीचा आवाज यांच्याइतका कोणालाच ठाऊक नाही. मला हे हवेत."

मालकीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इंजिन उभं करायला तीन आठवडे देते. दोघांना मिळून."

मी परत घरी निघाले ती दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी. वर्कशॉपच्या दारात थांबले, पण आत गेले नाही. इंजिन साखळीला टांगलेलं होतं. ठमी खाली बसून बेअरिंगचे तुकडे ताटलीत ठेवत होती. सावकाश जरा अंतरावर उभा होता. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. मग त्यानं घसा खाकरला.

"ठमे, एक विचारू?"

ती मान वर न करता म्हणाली, "विचारा."

"इंजिन दुरुस्त झाल्यावर तेल कोणतं घालणार? तेच पातळ?"

"तेच. पाच डब्ल्यू तीस. मात्र निम्म्या दिवसांनी बदलायचं, आणि आठवड्यातून एकदा गाडी तासभर लांब पळवायची."

"पण जाड का नको? मला कधी कळलंच नाही ते. नीट सांग की."

ठमीनं हातातला पाना खाली ठेवला. त्याला बसायला पालथी बादली सरकवली आणि अगदी पहिल्या आकड्यापासून सांगायला लागली. तो मधेमधे अडवून विचारत होता, पुन्हा विचारत होता, आणि ती प्रत्येक वेळी न चिडता सांगत होती. मी बस चुकवली.